नळीत ओवलेली माळ

१. जिवंत काहीच नसताना वाढतं कसं?

कोरोनाच्या साथीत आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी नाकात ती लांब काडी घालून घेतली. एक-दोन दिवसांत अहवाल आला, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. त्या दिवसांत अनेकांना पडलेला आणि अजूनही विचारला जाणारा एक प्रश्न आहे. काडीवर आलेला विषाणू डोळ्यांना सोडाच, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. त्याच्या जनुकीय धाग्याच्या नळीत कोट्यवधी प्रती काढतात आणि मग तो ओळखतात, असं सांगतात. पण त्या नळीत जिवंत काहीच नसतं. मग प्रती वाढतात कशा?

प्रश्न अगदी नेमका आहे. बी पेरलं की रोप येतं, विरजण लावलं की दही लागतं. वाढ म्हणजे सजीवाचं काम, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. या प्रश्नाचं उत्तर असं, की प्रत काढण्याचं काम अख्खी पेशी करत नाही. तिच्यातलं एक विकर करतं. पेशी फोडून ते विकर बाहेर काढलं, बाकीचा सगळा मालमसाला बाजूला सारून स्वच्छ केलं, तरी ते आपलं काम विसरत नाही. आज हे वाक्य सहज लिहिता येतं. पण त्यामागे जीवाणूंचा लगदा, बर्फ, मीठ आणि कमालीची चिकाटी यांची मोठी कहाणी आहे.

२. विकर म्हणजे काय?

चपातीचा घास तोंडात घोळवत बराच वेळ चावला तर तो गोड लागू लागतो. लाळेतलं एक विकर पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून साखर मोकळी करतं. यासाठी तोंडच हवं असं नाही. वाटीत भाताची दाट पेज घेऊन तिच्यात थोडी लाळ मिसळून ठेवली तर ती हळूहळू पातळ होते. काम लाळेतल्या त्या प्रथिनाचं आहे, तोंडाचं नाही. विकर म्हणजे असा एका कामात तरबेज असलेला प्रथिनाचा कारागीर. तो काम घडवून आणतो, स्वतः खर्ची पडत नाही आणि पुढच्या कामाला मोकळा होतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळूबरोबर खलून, पिळून त्याचा रस काढला. त्यात जिवंत पेशी उरली नव्हती, तरी त्या रसानं साखर आंबवली. साखर तोडणं मेलेल्या पेशींच्या रसाला जमतं, इतकं त्यातून सिद्ध झालं. पण तोडणं वेगळं आणि हजारो दुव्यांची साखळी बिनचूक क्रमानं जोडणं वेगळं.

३. माळेचे मणी आणि त्यांची शिदोरी

डीएनए ही मण्यांची माळ आहे असं समजू. मणी चारच प्रकारचे: ए, टी, जी आणि सी. माळा दोन असतात, एकमेकींना बिलगून पिळलेल्या. एकीत जिथे ए असेल तिथे दुसरीत समोर टी येतो आणि जीच्या समोर सी. म्हणजे एका माळेवर एटीजीसी असा क्रम असेल, तर समोरच्या माळेवर टीएसीजी असणार. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली. एक माळ हाती असली की दुसरी ओवता येईल, हे त्यातूनच दिसत होतं. आरएनएची माळ एकेरी असते आणि तिच्यात टीच्या जागी यू हा मणी येतो.

ओवायला ताकद लागते. ती कुठून येते? प्रत्येक मणी आपली शिदोरी सोबत घेऊन येतो. फॉस्फेटचे तीन गट एकाला एक जोडून त्याच्या एका टोकाला लागलेले असतात. मणी माळेत बसताना त्यातले दोन तुटून पडतात आणि त्या तुटण्यातून जोडणीची ऊर्जा मिळते. शिदोरी नसलेला मणी समोर कितीही वेळ ठेवला तरी तो माळेत बसत नाही.

४. दहा लाखांत पन्नास

आर्थर कॉर्नबर्ग मूळचे डॉक्टर. सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते उंदरांच्या आहारावर आणि जीवनसत्त्वांवर काम करत होते. जीवनसत्त्वांचा बराचसा पराक्रम विकरांच्या मदतीनं घडतो हे ध्यानात आल्यावर त्यांना विकरांचाच ध्यास लागला. १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कला सेवेरो ओचोआ यांच्याकडे शिकायला गेले. पुढे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांची स्वतःची प्रयोगशाळा झाली आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी डीएनए ओवणाऱ्या विकराचा शोध हाती घेतला. त्यासाठी निवडला तो आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू. त्याला पोसणं स्वस्त, आणि चांगलं खाद्य मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. ज्याला इतक्या झटपट दुप्पट व्हायचं, त्याच्याकडे डीएनए ओवणारा कारागीर असणारच.

प्रयोगाची रीत समजायला चहाची गाळणी आठवा. चहा गाळला की साखर पाण्याबरोबर खाली जाते आणि चोथा वर राहतो. आम्ल घातलं की डीएनएची लांब माळ साक्याच्या रूपात खाली बसते आणि सुटे मणी पाण्यात विरघळलेलेच राहतात. म्हणून कॉर्नबर्ग यांनी टीच्या मण्यातला थायमिडीन हा भाग किरणोत्सारी करून घेतला. तो जीवाणूंच्या रसात मिसळला, थोड्या वेळानं आम्ल घातलं आणि चोथ्यात किरणोत्सार किती आला हे मोजलं.

नळीत टाकलेल्या थायमिडीनचा किरणोत्सार यंत्रावर दहा लाख नोंदी देत होता. चोथ्यात आल्या जेमतेम पन्नास.

दहा लाखांच्या हिशेबात पन्नास रुपयांचा फरक निघाला तर कारकून तो किरकोळीत टाकून वही मिटेल. इथे वही मिटली नाही. डीएनए तोडणारं विकर त्या चोथ्यात घालून पाहिलं, तर त्या पन्नास नोंदी पुन्हा पाण्यात गेल्या. म्हणजे आकडा लहान असला तरी खरा होता आणि मणी डीएनएच्या माळेतच बसला होता. मला या संपूर्ण कहाणीतला सर्वांत मोठा क्षण हाच वाटतो. पुढचं सगळं या पन्नास नोंदींवर विश्वास ठेवण्यातून आलं.

५. निवडणं, पाखडणं, चाळणं

आकडा इतका लहान का होता? जीवाणूचा रस हा हजारो कारागिरांचा गजबजलेला बाजार आहे. एक ओवतो, तर त्याच्या शेजारी बसलेले दहा उसवत असतात. उसवणाऱ्यांनी नवी माळ लगेच खाऊन टाकू नये म्हणून कॉर्नबर्ग यांनी नळीत तयार डीएनए भरपूर घातला होता. चोरांना गुंतवून ठेवायला पुढ्यात जुनी भांडी टाकावीत, तसा. त्या डीएनएनं मात्र नकळत आणखी दोन कामं केली होती. तो तुटून त्यातून उरलेले तीन प्रकारचे मणी मिळाले. आणि दुसरं काम तर मूळ कल्पनेतही नव्हतं, ते पुढे सांगतो.

आता ओवणाऱ्याला बाजारातून वेगळं काढायचं होतं. घरात धान्य स्वच्छ करताना आपण खडे निवडतो, फोल पाखडतो, पीठ चाळतो. एका युक्तीनं सगळा कचरा जात नाही, म्हणून युक्त्या एकीपाठोपाठ एक वापरतो. विकराचंही तसंच. आधी ध्वनिलहरींनी जीवाणू फोडायचे आणि टरफलं खाली बसवायची. मग क्षार मिसळायचा. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, तशी क्षार वाढत गेला की प्रथिनं साका होऊन खाली बसतात, पण वेगवेगळी प्रथिनं क्षाराच्या वेगवेगळ्या प्रमाणाला. म्हणून थोडा क्षार घालून एक ढीग वेगळा करायचा, आणखी घालून दुसरा, मग तिसरा. त्यानंतर विद्युतभार असलेल्या तंतुमय चूर्णाच्या स्तंभातून रस सोडायचा. काही प्रथिनं त्याला चिकटतात, काही सरळ निघून जातात.

प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच: आपला कारागीर आता कोणत्या ढिगात आहे? तो दिसत नाही, म्हणून त्याचं काम मोजायचं. प्रत्येक ढिगातला थेंब घेऊन पुन्हा तीच गाळणी, तोच चोथा, तीच मोजणी. हे सगळं करायचं थंडगार खोलीत, कारण ऊब मिळाली की प्रथिन बिघडतं. कॉर्नबर्ग यांच्याबरोबर या कामात रॉबर्ट लेहमन, मॉरिस बेसमन आणि अर्नेस्ट सिम्स होते. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे विकर पूर्ण शुद्ध झालं, तेव्हा सुमारे १०० किलो जीवाणूंतून जेमतेम अर्धा ग्रॅम विकर हाती येत होतं. शंभर किलोंतून चिमूटभर!

इतका खटाटोप कशासाठी? मळकट विकरावर स्वच्छ विचार खर्ची घालू नयेत, हे एफ्राइम रॅकर या जीवरसायनशास्त्रज्ञाचं मत कॉर्नबर्ग आवर्जून सांगत. रसात दहा हात काम करत असतील तर कुठल्या हातानं काय केलं हे कधीच कळत नाही. एकच हात ठेवला तर त्याला काय हवं आणि तो काय करतो हे नेमकं कळतं.

६. कित्ता हवा, टाकेही हवेत

स्वच्छ विकर मिळाल्यावर चित्र उजळलं. चारही मणी हवेत आणि सगळ्यांच्या शिदोऱ्या शाबूत हव्यात. एक मणी वगळला की काम जवळजवळ थांबतं. आणि आधीचा तयार डीएनए नळीत असायलाच हवा. चोरांना गुंतवायला टाकलेला तो डीएनए खरं तर कित्ता होता. समोर ठेवलेल्या माळेवरचा एकेक मणी पाहून विकर त्याचा जोडीदार मणी ओवत होतं.

याची परीक्षा त्यांनी सुरेख घेतली. क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या एका निरुपद्रवी जीवाणूच्या डीएनएत जी आणि सी हे मणी ए आणि टीच्या जवळजवळ दुप्पट असतात. जीवाणूंवर जगणाऱ्या टी२ या विषाणूत हे प्रमाण उलटं असतं. विकर दोन्हीकडे ई. कोलायचंच, चारी मणी सारख्याच मापानं घातलेले. पहिला कित्ता ठेवला तर नव्या माळेत जी-सी जास्त निघाले, दुसरा ठेवला तर ए-टी जास्त. विकराला स्वतःची आवड नव्हती. ते फक्त समोरचा कित्ता गिरवत होतं.

आणखी एक गोष्ट पुढे स्पष्ट झाली. हे विकर कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही. स्वेटर विणायला घेताना सुईवर आधी टाके घालावे लागतात, मगच पुढची ओळ विणता येते. तसा कित्त्याला बिलगलेला मण्यांचा एक छोटा तुकडा विकराला लागतो. त्याला प्रायमर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

या विकराला डीएनए पॉलिमरेज असं नाव मिळालं. १९५७ मध्ये त्यावरचे दोन निबंध अमेरिकेतल्या जीवरसायनशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकाकडे गेले आणि परत आले. नळीत झालेल्या पदार्थाला डीएनए म्हणायला परीक्षक राजी नव्हते. नवे संपादक आल्यावर १९५८ मध्ये ते छापले गेले आणि १९५९ मध्ये कॉर्नबर्ग यांना नोबेल मिळालं. परीक्षकांचा आग्रह मला अतिरेकी वाटतो, पण त्यांच्या शंकेत एक खरा प्रश्न दडलेला होता: ही प्रत जिवंत पेशीत चालेल का? त्याचं उत्तर यायला आणखी दहा वर्षं लागली.

७. कित्त्याविना ओवणारं विकर

ते नोबेल कॉर्नबर्ग यांना त्यांच्या गुरूंबरोबर, ओचोआ यांच्याबरोबर, विभागून मिळालं. ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत आरएनए ओवणारं विकर सापडलं होतं. ते प्रत्यक्ष शोधलं मारियान ग्रुनबर्ग-मानागो या फ्रेंच शास्त्रज्ञ बाईंनी, १९५५ मध्ये, मातीत राहणाऱ्या ॲझोटोबॅक्टर या जीवाणूच्या रसात. पारितोषिकात त्यांचं नाव नव्हतं. ते असायला हवं होतं असं माझं मत आहे.

हे विकर विचित्र होतं. त्याला कित्ता लागत नसे. नळीत जे मणी असतील ते दिसेल तसे ओवायचं. फक्त यू दिले तर यूयूयूयू अशी माळ तयार. जीवाणूत त्याचं खरं काम आरएनए तोडण्याचं आहे, हे नंतर कळलं. नळीत मणी भरपूर असल्यामुळे ते उलट्या दिशेनं चालत होतं. पेशीच्या दृष्टीनं चुकीचं विकर, पण माणसाच्या हाती ते बहुमोल ठरलं.

कसं ते पाहा. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. तीन-तीन मण्यांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं, पण त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मे १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख माथाई यांनी ई. कोलायच्या रसात या विकरानं ओवलेली नुसत्या यूची माळ टाकली. वीसपैकी एकच अमिनो आम्ल प्रथिनात गेलं: फिनाइलॲलॅनिन. जनुकीय शब्दकोशातला पहिला शब्द उलगडला, यूयूयू.

पण मिश्र मणी दिले की हे विकर ते कसेही ओवी आणि क्रम कळत नसे. इथे हरगोबिंद खुराना आले. आज पाकिस्तानात असलेल्या मुलतानजवळच्या रायपूर या छोट्या गावात जन्मलेले, आणि त्या वेळी विस्कॉन्सिन विद्यापीठात काम करणारे. त्यांनी दोन हात एकत्र आणले. ठरावीक क्रमाचे छोटे डीएनए तुकडे रसायनशास्त्रानं घडवले. मग कॉर्नबर्ग यांचं विकर घालून ते तुकडे लांब केले, कारण हातानं इतकी लांबी गाठणं अशक्य होतं. शेवटी जीवाणूतून काढलेल्या आरएनए पॉलिमरेज या वेगळ्या, कित्ता गिरवणाऱ्या विकरानं त्यावरून आरएनए उतरवून घेतला.

एक उदाहरण करून पाहू. यूसीयूसीयूसी... अशी माळ घ्या. तीन-तीनचे शब्द पाडा: यूसीयू, सीयूसी, यूसीयू, सीयूसी. कुठूनही सुरुवात केली तरी हेच दोन शब्द आलटून पालटून येतात. प्रथिनातही सेरीन, ल्युसिन, सेरीन, ल्युसिन असाच क्रम निघाला. आता यूयूसीयूयूसीयूयूसी... घ्या. पहिल्या मण्यापासून वाचलं तर यूयूसी, यूयूसी. दुसऱ्यापासून वाचलं तर यूसीयू, यूसीयू. तिसऱ्यापासून सीयूयू, सीयूयू. म्हणजे प्रत्येकी एकाच अमिनो आम्लाची, पण तीन वेगवेगळी प्रथिनं निघायला हवीत. प्रयोगात नेमकी तीन निघाली: फिनाइलॲलॅनिनचं, सेरीनचं आणि ल्युसिनचं. शब्द तीन मण्यांचाच असतो याचा याहून स्वच्छ पुरावा कुठला? १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं.

८. प्रत चालते का? आणि मग एक धक्का

फायएक्स१७४ हा ई. कोलायवर जगणारा चिमुकला विषाणू. त्याचा डीएनए म्हणजे ५,३८६ मण्यांची एक गोल माळ. १९६७ मध्ये कॉर्नबर्ग, मेहरान गुलियन आणि रॉबर्ट सिन्शायमर यांनी शुद्ध पॉलिमरेजनं तिची प्रत ओवली आणि त्याच वर्षी सापडलेल्या लायगेज या सांधणाऱ्या विकरानं टोकं जुळवून वर्तुळ पुरं केलं. मूळ माळ वेगळी काढून नळीत बनलेली प्रत जीवाणूंना दिली. जीवाणूंत नवे विषाणू तयार झाले. हजारो मण्यांत मोक्याच्या जागी चूक झाली असती तर हे घडलं नसतं.

दोनच वर्षांनी धक्का बसला. जॉन केर्न्स आणि पॉला डी लुसिया यांना ई. कोलायचा असा एक वाण सापडला, ज्यात कॉर्नबर्ग यांचं विकर जवळजवळ नव्हतंच. तरीही तो मजेत वाढत होता. मग हे विकर खोटं की काय, अशी टीका सुरू झाली. या टीकेला ज्यानं उत्तर दिलं तो कॉर्नबर्ग यांचाच मुलगा, टॉम. तो चेलो हे वाद्य शिकत होता. हाताच्या दुखण्यामुळे वादन सुटलं आणि तो प्रयोगशाळेत आला. त्या नव्या वाणाच्या रसात त्यानं आणखी दोन पॉलिमरेज शोधली. त्यातलं तिसरं म्हणून मोजलं जाणारं विकर जीवाणूचा मुख्य नकलनवीस निघालं. वडिलांचं विकर डीएनएची डागडुजी करणारं आणि फटी भरणारं होतं. ते खोटं नव्हतं, त्याचं पेशीतलं काम वेगळं होतं, इतकंच.

९. गरम झऱ्यातला कारागीर आणि तुमचा अहवाल

१९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेली युक्ती अशी. जो डीएनए शोधायचा त्याच्या दोन टोकांना बसतील असे दोन प्रायमर घ्या, म्हणजे दोन्ही माळांवर टाके घालून झाले. नळी तापवा, दोन्ही माळा सुटतात. थोडी थंड करा, प्रायमर चिकटतात. मग पॉलिमरेज दोन्ही माळा ओवतं. एकाच्या दोन झाल्या. पुन्हा तापवा. चार. पुन्हा, आठ. तीस फेऱ्यांत एकाच्या १०७ कोटींहून अधिक.

अडचण एकच होती. ई. कोलायचं विकर प्रत्येक तापवणीत बिघडे आणि दर फेरीला नवं घालावं लागे. उपाय आधीच सापडून पडला होता. १९६६ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक जीवाणू आणला होता, थर्मस ॲक्वाटिकस. १९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात ॲलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी त्याचं पॉलिमरेज शुद्ध केलं होतं. जवळजवळ उकळी येईपर्यंत तापवलं तरी ते टिकतं. १९८८ पासून ते या कामात रुजलं.

कोरोनाचा विषाणू आरएनएचा असतो, म्हणून आधी दुसऱ्या एका विकरानं त्याचा डीएनए करून घेतात आणि मग ही फेऱ्यांची गिरणी चालू होते. भारतातला पहिला कोरोना रुग्ण ३० जानेवारी २०२० ला निश्चित झाला. केरळहून आलेला तो नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत याच पद्धतीनं तपासला होता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. नळीत जिवंत काही नसतं, पण शिदोरी घेतलेले मणी असतात, टाके असतात, नमुन्यात विषाणू असेल तर कित्ता असतो आणि जीवाणूतून निवडून-पाखडून काढलेला कारागीर असतो. कुणाचा जुना अहवाल घरात सापडला तर त्यावर सीटी असं लिहून एक आकडा असेल. किती फेऱ्यांनंतर प्रती यंत्राला दिसण्याइतक्या झाल्या, तो हा आकडा. आकडा लहान असेल तर नमुन्यात मूळ माळा जास्त होत्या. एका अहवालावर २५ आणि दुसऱ्यावर ३५ असेल, तर दहा फेऱ्यांचा फरक आहे. दोन दहा वेळा गुणून पाहा: चाचणी एकाच पद्धतीनं केलेली असेल, तर पहिल्या नमुन्यात विषाणूच्या माळा सुमारे १,०२४ पट जास्त होत्या.